घासलेटवाले गुलाबराव आणि शेणाचा खड्डा

बडनेऱ्याचे गुलाबराव घासलेट विकायचे. अंगाला वास असा, की ते सायकलवरून राजापेठेत शिरले की तिथले डास सामान बांधून अकोल्याची गाडी पकडत. समोरचा माणूस आपोआप बिडी विझवून कानावर ठेवी. "माह्या तेलानं जे पेटत नाई, ते या दुनियेत नाई!" हे ते ज्याला त्याला ऐकवत, लग्नात नवरदेवालाही.

अख्ख्या गावाला उजेड विकणाऱ्या या माणसाच्या स्वयंपाकघरात मात्र धुराने भिंत दिसत नसे. वत्सलावहिनींना खोकल्याची उबळ आली की शेजारी आमच्या फळीवरची भांडी खाली उतरत. डॉक्टरांनी चूल बंद करायला सांगितली. गुलाबरावांनी दुकानातला वातीचा स्टोव्ह आणला. वहिनींनी तो परत पाठवला.

"भाकरीले वास, चहाले वास. तुमच्या अंगाले येते तेवढा पुरे नाई का?"

मग गुलाबरावांनी कुठूनसं गोबर गॅसचं ऐकलं आणि परसात खड्डा खणला. आत शेणकाला, वर उपडी लोखंडी टाकी; गॅस भरला की ती वर उचलली जाई आणि नळीने स्वयंपाकघरातली शेगडी पेटे. तेल कंपनीचा साहेब अकोल्याहून आला, नाक धरून हसला. "गुलाबराव, आता शेण विकता काय?"

"तेल जमिनीतून एक दिवस सरन, साहेब. बैल हाय तवरक शेण सरत नाई."

वहिनींचा खोकला खरंच उतरला. पण दिवाळीनंतर थंडी पडली, गॅस कमी झाला, वहिनी पुन्हा चुलीपुढे बसल्या. गुलाबरावांना ते पाहवेना. त्यांनी दुकानातलं घासलेट डबेच्या डबे त्या खड्ड्यात ओतलं! शेण कुजवून गॅस करणारे जंतूच मेले. टाकी बसली ती बसलीच.

"काहून ओतलंत हो?" मी विचारलं.

"मास्तर, तेल घातल्यावर काई विझते, हे मले आज समजलं."

"राहू द्या," वहिनी म्हणाल्या. "मले चुलीची सवय हाय." आणि त्यांनी फुंकणी उचलली.

गुलाबरावांनी मजूर लावला नाही. तो अख्खा खड्डा एकट्याने उपसला, धुतला, नव्याने भरला. ऐन माघात वहिनी गेल्या, खोकताखोकता. पुढे उन्हं तापली आणि टाकी वर आली.

त्यांनी मला हाक मारून चहा ठेवला. जाळ निळा, स्वच्छ.

"पाहा न मास्तर, धूर दिसते का कुठी?"

"नाही."

"नीट पाहा."

चहा उतू गेला, मग आटला, भांडं करपायला लागलं. गुलाबराव जाळाकडे पाहत बसले होते. शेवटी शेगडी मीच बंद केली.