तीर्थाची विहीर
विहिरीचं पाणी औषधानं गुलाबी झालेलं दिसलं की मला तेल्हाऱ्याकडचं आमचं गाव आठवतं. पटकीची साथ होती. सरकारी माणूस विहिरीत लाल औषध टाकायला आला, तेव्हा माझे वडील आडवे आले, कारण तिच्यात महाराजांच्या पायांचं तीर्थ ओतलेलं होतं. "अमृतात जहर कालवता काय, साहेब?" तो परत गेला. तेच पाणी पिऊन माझी धाकटी बहीण पटकीनं गेली. वडील स्मशानातून ओल्या धोतरानंच महाराजांकडे गेले. महाराज म्हणाले, "पोरीचा इश्वास कमी पडला." वडिलांनी त्यांचे पाय धरले, "माफ करा, महाराज. लेकरू व्हतं, तिले काय समजते!" आज मी बुवाबाजीविरुद्ध जळजळीत पत्रकं लिहितो, पण वडिलांचं हे वाक्य लाजेपायी अजून एकाही पत्रकात लिहवलं नाही.