हान्सच्या पाठीमागे कोण होतं

असल्या गोष्टी मी कधी मानल्या नाहीत. मानते असं आजही म्हणवत नाही. जे घडलं ते फक्त लिहून ठेवते.

साठच्या दशकाची सुरुवात होती. आम्ही दोघं बॉनला राहत होतो. हे विद्यापीठात भूगर्भशास्त्रात डॉक्टरेट करत होते, मी तिथल्याच ग्रंथालयात काम करायची. त्या उन्हाळ्यात ह्यांना आणि ह्यांच्या मित्राला, हान्सला, खडकांचे नमुने आणायला उत्तर कॅनडात जायचं होतं. तो अस्वलांचा मुलूख. तिथे जोडीनेच काम करायची रीत – एकाने वाकून खडक फोडायचा, दुसऱ्याने बंदूक घेऊन त्याची पाठ राखायची. हातोड्याच्या आवाजात मागचं काही ऐकू येत नाही.

पाठ राखणं ह्यांच्याकडे आलं, म्हणून आम्ही तिघं बंदूक घ्यायला गेलो. ह्यांना दुर्बीण लावलेली रायफल हवी होती.

"अस्वल जवळ आलं की ह्यातून नुसते केस दिसतील," दुकानदार म्हणाले आणि त्यांनी आखूड, दोन नळ्यांची बंदूक पुढे केली. "डोळे मिटा. खांद्याला लावा. आता उघडा."

नेम बरोबर भिंतीवरच्या घड्याळावर होता.

"अहो, झुरळ दिसलं की तुम्ही खुर्चीवर चढता," मी म्हटलं.

हान्सने त्याचा अर्थ विचारून घेतला. "असं? मग खुर्चीही न्यायला हवी."

"तू दगड फोड," हे हसून म्हणाले. "मागचं माझ्यावर सोड."

परतेपर्यंत खंडेनवमी होऊन जाईल म्हणून ह्यांनी पूजा त्याच दिवशी करायला लावली. मी दस्त्यावर कुंकू लावलं. बंदूक आणि काडतुसं कपाटात ठेवून कुलूप घातलं.

निघायच्या आधीच हे न्यूमोनियाने गेले.

हान्स एकटाच तिथल्या संशोधकांच्या छावणीत गेला. जाताना त्याने बंदूक मागितली नाही, आणि माझ्याच्याने ती देववलीही नसती. कपाटाची किल्ली माझ्या पर्समध्येच राहिली.

खंडेनवमीला मी ह्यांची पुस्तकं आणि हातोडा मांडला. हे गेल्यापासून बंद असलेली कुंकवाची डबी उघडली. मग बंदूक बाहेर काढली... जळक्या दारूचा वास आला. उघडून पाहिली, तर एका नळीत उडालेलं काडतूस होतं.

कोणाला काही बोलले नाही. काही दिवसांनी हान्स परतला आणि भेटायला आला. बराच वेळ कॉफी ढवळत राहिला.

"एकदा मी एकटाच खडकापाशी गेलो होतो," तो म्हणाला. "मागे बार झाला. वळून पाहिलं, तर अस्वल पळत होतं... अगदी जवळून. माणूस कोणीच नव्हता. छावणीतल्या कोणी बार केला नव्हता." मग खाली बघत म्हणाला, "तरी मी सवयीने 'डांके' म्हणालो, आभार मानले."

मी ते काडतूस त्याच्यासमोर ठेवलं. त्याने हात लावला नाही.

ह्याचा उलगडा मला आजवर झालेला नाही. हान्स वाचला, ह्यांनी शब्द पाळला, एवढं मी मनाशी धरलंय. पण एक विचार जात नाही. ती बंदूक घ्यायला हे आमच्या खोलीत आलेच असतील ना? कपाटाला लागूनच माझं टेबल होतं. मी तिथे वाचत बसलेली असणार... मान वर करून पाहिलं असतं तर.