दसऱ्याला ठेवलेलं प्रस्थान

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी बेल वाजली तेव्हा मी पोहे भिजवत होते. दारात श्रीकांत भाऊजी. समोरच्या घरातून रस्ता ओलांडून आलेले, पायात घरातल्या सपाता, अंगात कोट नाही, आणि बाहेर सगळ्या गाड्यांच्या काचांवर दव गोठलेलं. "चहा घेऊन गेलो, वहिनी... विद्या उठत नाहीये," एवढंच म्हणाले. मी तशीच धावले. झोपेतच गेली होती माझी मैत्रीण, कुशीवर, एक हात उशीखाली. खिडकीतून त्यांच्या ड्राइव्हवेवरचा मोटरहोम दिसत होता, त्याचे पडदे धुऊन, इस्त्री करून लावलेले. निघायला महिना उरला होता. खरं सांगते, मला आधी रडू आलं नाही, राग आला. एवढा पसारा मांडलास आणि आता हे?

लग्न होऊन मी बर्मिंगहॅमला आले तेव्हा या गल्लीत मराठीत बोलणारी ती एकटीच होती. मला हीटिंग कसं लावायचं ते तिनं शिकवलं आणि ते कधी लावायचं नाही तेही. हॉस्पिटलात फार्मसिस्ट होती. औषधाचा थेंब इकडचा तिकडे होऊ द्यायची नाही, पण घरी हिशेब नाही की धरबंध नाही. रिटायर झाल्यावर एका रविवारी नवरा-बायको जुना मोटरहोम 'नुसता बघायला' गेले आणि संध्याकाळी तो चालवतच परत आले. भाऊजींचा चेहरा बघण्यासारखा होता. "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आमचं चाकांवर," असं म्हणून तिनं गाडीचं नावच 'बिऱ्हाड' ठेवलं, आणि नारळ फोडला तो थेट ड्राइव्हवेवर. शेजारचा गोरा म्हातारा आवाजानं दचकून बाहेर आला, तर त्याच्या हातावर खोबरं ठेवलं.

जायचं होतं सिसिलीला. विमानानं मुळीच नाही, डोव्हरहून बोटीनं पलीकडे, सगळा फ्रान्स उतरून आल्प्सच्या बोगद्यातून इटली, मग जिनोआहून पुन्हा बोट. एवढा द्राविडी प्राणायाम कशासाठी, तर मीठ बघायला! तिचे वडील पेणजवळ मिठागरावर देखरेखीला होते, तिचं बालपण त्या बांधांवर गेलेलं. एकदा टीव्हीवर सिसिलीतलं ट्रापानीचं मिठागर दाखवलं, तसं तिनं मला लगेच फोन करून बोलावलं. "बघ, बघ! आपल्याकडे मिठाची रास गवतानं शाकारतात, यांनी कौलं घातलीत गं!" डोळ्यांत पाणी होतं तिच्या. पेणचं ते मिठागर कधीच बुजलं, त्यावर इमारती उठल्या. भाऊजी पेपरमधून डोकं न काढता म्हणाले, "मीठ बघायला दोन हजार मैल? टेस्कोत मिळतं." ती म्हणाली, "अहो, तुम्ही फक्त चालवा."

मग सुरू झालं प्लॅनिंग. त्यांच्या डायनिंग टेबलावर वर्षभर जेवण वाढलं गेलं नाही, तिथं नकाशे पसरलेले. मी गेले की मला एखाद्या खेड्यावर बोट ठेवायला लावायची आणि तिथं मुक्काम ठरवायची. खरी गंमत वजनाची झाली. भाऊजींनी सत्तरी ओलांडलेली, त्यामुळे लायसन्सवर साडेतीन टनांपर्यंतचीच गाडी चालवायची मुभा. भरलेली गाडी लॉऱ्यांच्या वजनकाट्यावर नेली, गंमत बघायला मीही बरोबर. काटा वर. भाऊजींनी मागचं दार उघडलं, तर आत भाजणी, कणकेच्या गोणी, पुरणयंत्र आणि तीन कुकर!

"तीन?"

"एक वरणभाताचा, एक बटाट्यांचा, एक स्पेअर. कुकर इज नॉन-निगोशिएबल, अहो."

कणीक उतरवली, पुरणयंत्र उतरवलं, काटा तरी थोडा वरच. शेवटी ही बया स्वतः खाली उतरली. आणि काटा आला की बरोबर! "बघा, मीच जास्त होतेय," म्हणून अशी हसली की काट्यावरचा माणूसही हसायला लागला. भाऊजी हसले नाहीत. त्यांनी आपली हत्यारांची पेटी उतरवून माझ्या गाडीत ठेवली आणि म्हणाले, "बस आत." तो माणूस पान्याशिवाय कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा जात नाही.

दसऱ्याला सकाळी ती साडी नेसून माझ्याकडे आली, हातात लाल फडक्यातलं लहानसं गाठोडं. तांदूळ, सुपारी, हळकुंड. म्हणाली, "प्रस्थान ठेवायला आलेय." मुहूर्तावर निघणं जमत नसेल तर आपल्या सामानातलं काहीतरी दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. माझी आजी करायची, पण बर्मिंगहॅममध्ये हे कोण करतं? "आणि दसऱ्याला ठेवून मार्चमध्ये उचलणार? चार दिवसांत निघायचं असतं," मी म्हटलं. "इथली थंडी संपेपर्यंत सगळा एकच दिवस असतो." गाठोड्यात चाचपलं तर खडेमीठही होतं. "मीठ कुणी घालतं का प्रस्थानात?" "मिठागरावरची मुलगी घालते." हॉलमधल्या फळीवर तिनं ते ठेवलं आणि मला बजावलं, "हे आता परत आमच्या घरात आणायचं नाही हं. निघतानाच उचलायचं."

फेब्रुवारीत ती गेल्यावर मला त्या गाठोड्याचं काय करावं कळेना. परत नेऊन द्यायचं नाही, टाकवत तर नाहीच. हिवाळ्याच्या दमट हवेत मिठाला पाणी सुटलं, फडक्याखाली ओल धरली. मी जाता-येता त्याच्याशी भांडायचे... आता कोण उचलणार हे, विद्या?

गेल्या आठवड्यात भाऊजी आले. दाढी केलेली, कोट घातलेला. "बोटीचं बुकिंग मी कॅन्सल केलं नव्हतं, वहिनी. नुसतं पुढे ढकललं." ज्या माणसाला साधी मुगाची खिचडी येत नाही, तो! "एकटेच जाणार? अहो, पण कशाला?" ते फळीकडे बघत होते. "ती दसऱ्यालाच निघालीय. मीच मागं राहिलोय."

मी गाठोडं दिलं, हातावर दही घातलं. दारातून वळून म्हणाले, "काल काट्यावर जाऊन आलो. तिन्ही कुकर ठेवलेत... आता बसतात."

बिऱ्हाड कोपऱ्यावरून वळेपर्यंत मी सपातांवरच रस्त्यात उभी होते.

फळीवर गाठोड्याच्या जागी आता मिठाचा पांढरा गोल उमटलाय. रोज सकाळी फडकं घेऊन जाते आणि त्याच्या कडेकडेनं पुसून येते.