ज्याने बदललं, त्याचं नाव

माझी धाकटी नणंद पाणीपुरवठा कार्यालयात कारकून. कोणत्या भागात किती वाजता पाणी येणार, हे तिथल्या वेबसाइटवर तीच टाकायची; वेबसाइटचा सगळा कारभारही तिच्याकडेच. घरात तिला सगळे ‘फौजदार’ म्हणतात, कारण लहानपणी ती भावंडांना पेन्सिल दिली तरी सही घेई.

वेबसाइटचा पासवर्ड एकच होता, संगणकाच्या कडेला चिकटवलेला. शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे त्याच दाराने आत. गेल्या मार्चात एके दिवशी पाणी सहाऐवजी साडेनवाला आलं. कामाला जाणाऱ्या बायका भांडायला गेल्या, तर वेबसाइटवर साडेनऊच लिहिलेलं! बोलणी फौजदाराने खाल्ली. संध्याकाळी ती थेट माझ्याकडे आली.

“वहिनी, डायरी काढा बघू.”

मी सकाळी उठले की वेबसाइटवरची वेळ लिहून ठेवते, आणि नळाला पाणी आलं की तीही. त्या दिवशी पहाटे पाच चाळीसला वेबसाइटवर सहाच होतं. म्हणजे वेळ कोणीतरी मागाहून बदलली. पण कोणी? आत गेलं की सगळ्यांचं नाव एकच. चोर सोडून संन्याशाला फाशी!

दुसऱ्या दिवशी तिने तो पासवर्ड बंद केला आणि प्रत्येकाला त्याचा त्याचा दिला. पंपवाल्याने वेळ भरायची, अभियंत्याने तपासायची, लोकांना दिसेल अशी करायची ती हिने. बदल कोणी, कधी केला, ते खाली उमटणार. साहेबांना फक्त वाचता येणार.

साहेब तणतणत आले. “मी इथला प्रमुख, आणि मलाच कुलूप?”

“पंप तुम्ही चालवता का, साहेब?”

“जुना पासवर्ड सुरू करा. नाहीतर उद्यापासून तळघरात, जुन्या कागदांत.”

फौजदाराच्या निवृत्तीला आठ महिने राहिलेले. तळघरात ओल, आणि हिला दमा.

“लेखी द्या.”

“तोंडी सांगतोय ना!”

“तोंडी तर पाणी रोज सहालाच येतं, साहेब.”

कार्यालयात कोणीतरी फस्सकन हसलं. मग ती म्हणाली, “हवे तर सगळे अधिकार आत्ता देते. फक्त बदलाखाली तुमचं नाव दिसेल.”

“नाव कशाला?” म्हणत साहेब निघून गेले.

जुन्या पासवर्डाचं लेखी काही आलं नाही. बदलीचा हुकूम मात्र सोमवारी आला, लेखी. तिने आपले अधिकार टंकलेखिकेच्या नावावर केले, सही घेतली आणि डबा उचलून तळघरात गेली. टंकलेखिका म्हणजे कायम मूग गिळून बसणारी बाई. सगळे म्हणाले, आता साहेबांचं फावलं.

काल फौजदार घरी आली ती खोकत आणि हसत.

“साहेबांनी तिला जुना पासवर्ड सुरू करायला सांगितलं, वहिनी.”

“मग? केला?”

“मान वरसुद्धा केली नाही बयेने. टाइप करता करता म्हणाली, लेखी द्या.”

आज वेबसाइटवर सहा वीस. खाली पंपवाल्याचं नाव. पाणी आलं सहा बावीसला.