मोकळी फरशी

कंबर धरली म्हणून डॉक्टरांनी मला तीन आठवडे जमिनीवर झोपायला लावलं. हॉलमधल्या फिशटँकचं स्टँड बुटकं आहे. सतरंजीवर पडल्या पडल्या टँकचा तळ नेमका माझ्या डोळ्यांसमोर यायचा. तिथे 'कोरी' जातीचे सहा मासे राहतात. मिशीवाले, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दिवसभर वाळू हुंगत फिरतात आणि वरून पडेल ते खातात.

माझंही तसंच चाललं होतं. ताट वरून यायचं, बोलणीही वरूनच यायची. "आईला ओलांडू नकोस गं, वळसा घालून जा," सासूबाई माझ्या मुलीला बजावायच्या. मग पावलं माझ्या कडेकडेने जायची. आठवड्याभरात मासे काचेशी रांगेने येऊन माझ्याकडे बघायला लागले. त्यांना पापण्या नसतात, तरी मधूनच एखादा बुबुळ खाली फिरवून डोळा मिचकावल्यासारखं करायचा. मला त्यांनी आपल्यातलंच धरलं असावं.

आता मी बरी आहे. सतरंजी कधीच गुंडाळून ठेवली. टँकजवळ उभी राहिले तर मासे माझ्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. ते अजून रांगेने त्या मोकळ्या फरशीकडेच बघत असतात. मध्येच एखादा डोळा मिचकावतो. सासूबाईही तिथून सवयीने वळसा घेतात.

काल कुकरच्या शिट्ट्या झाल्या म्हणून मी घाईने सरळ निघाले, आणि उचललेला पाय तसाच राहिला. खाली नुसती फरशी होती. तरी मी वळसा घालूनच गेले.