तिघांना आलेल्या तीन हाका

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की सगळ्यात आधी हसणारा मी. खोपोलीत कारखान्यात नोकरी, मशीनवर विश्वास... पण गेल्या उन्हाळ्यात जे घडलं, त्यावर हसता येत नाही.

आमची वाडी कडावच्या पुढे. आजूबाजूच्या गावांच्या गट ग्रामपंचायतीत आमचं कोणी ऐकत नाही, म्हणून स्वतंत्र ग्रामपंचायत हवी, अशी मागणी. त्यासाठी तीन पक्षांची गावातली माणसं एकत्र आलो – दामूअण्णा, वैशालीताई आणि मी. आघाडी फक्त तोंडी. लेखी काहीच नाही.

रविवारी दुपारी समाजमंदिरात बसलो होतो. अर्ज टेबलावर, सह्या बाकी, आणि पहिला सरपंच कोणाचा यावरून जुंपलेली.

"तुमच्या पक्षाचा झाला तर माझी सही नाय," अण्णा मला म्हणाले.

"अण्णा, अजून पंचायत हाय कुठं? आन् तुमी खुर्ची वाटताय!" वैशालीताई कडाडल्या.

आघाडी तिथंच मोडणार होती. तेवढ्यात बाहेरून माझ्या बायकोची हाक आली – "अहो, लवकर या!" मी धावलो. बघतो तर ते दोघंही माझ्यासोबत दारातून बाहेर!

अंगणात रणरणतं ऊन. चिटपाखरू नाही.

"माझी पोरगी रडत व्हती..." वैशालीताई म्हणाल्या.

"पोरगी कुठली गं? माझी गाय हंबरली!" अण्णा म्हणाले.

मी बोलायला तोंड उघडलं आणि मागे धाडकन आवाज झाला. छताच्या स्लॅबचा मोठा तुकडा बरोबर टेबलावर कोसळला होता. खुर्च्यांचा चुरा. अर्ज ढिगाऱ्याखाली.

लगेच फोन केले. बायको माहेरी निवांत झोपलेली – ती तिथं आहे, हे धावताना मला आठवलंच नव्हतं. वैशालीताईंची मुलगी नेरळला क्लासमध्ये. अण्णांची गाय ओढ्याकाठी चरत होती. वैशालीताई मुलीशी बोलता बोलता रडल्या, मग हसत सुटल्या. अण्णा पायरीवर बसले, माझा हात घट्ट धरून.

"जिवंत हाय रं आपन," एवढंच म्हणाले.

नवा अर्ज मी तिथंच गुडघ्यावर लिहिला. सरपंचाचा विषय कोणी काढला नाही. तिघांनी सह्या केल्या आणि दुसऱ्या दिवशी एकाच रिक्षातून कर्जतला जाऊन तो दिला. मंजुरी अजून यायची आहे, पण आघाडी टिकून आहे.

स्लॅब का पडला, ते इंजिनीअरने सांगितलं – आतलं लोखंड गंजलेलं. पटलं. पण एकाच क्षणी तिघांना तीन वेगळे आवाज कसे ऐकू आले? त्याच रविवारी संध्याकाळी बायकोला आणायला गेलो, तर ती म्हणाली, "उद्या येणार होते ना मी?"

म्हटलं, "आजच चल."