भाकरीत चमकलेले कण

नोकरीतली बरीच प्रकरणं आता माझ्या डोक्यात एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणती चोरी महाडची आणि कोणती पोलादपूरची, हे सांगताना गोंधळ उडतो. एक प्रकरण मात्र आजही लख्ख आठवतं, आणि गंमत अशी की त्यात चोरी नव्हती, खून नव्हता. होतं ते परातभर पाणी आणि मूठभर तांदळाचं पीठ.

पन्नास-साठच्या दशकांच्या सांध्यावरची गोष्ट. रायगड तेव्हा कुलाबा जिल्हा होता आणि मी पोलादपूरला फौजदार. थंडीत सावित्रीच्या खोऱ्यात धुकं असं साचायचं की ठाण्याच्या पडवीतून समोरचा रस्ता दिसत नसे. आंबेनळी घाटातून उतरणारी गाडी आधी ऐकू यायची आणि बऱ्याच वेळाने दिसायची. मी वर घाटावरचा, उघड्या माळावर वाढलेला. त्या धुक्यात उन्हं वर येईपर्यंत आपण अजून झोपेतच आहोत असं मला वाटायचं. माणसं यायची, बोलायची, जायची, आणि त्यांचे पाय जमिनीला लागत होते की नाही अशी शंका यायची. माझे हवालदार महाडचे, मुसलमान, बोलण्यात आणि खाण्यात दोन्हींत तरबेज. चहा पोटात जाईपर्यंत ते माझ्यापुढे कोणाला उभं करत नसत.

त्या सकाळी मात्र चहाच्या आधीच एक माणूस धुक्यातून थेट टेबलापाशी आला. तिशी ओलांडलेला, मुंबईच्या गिरणीत कामाला, अंगात इस्त्रीचा शर्ट, पायांवर दव आणि माती. त्याने रुमालाची गाठ सोडली. आत अर्धी भाकरी आणि थोडं पीठ होतं.

"साहेब, माझ्या बापाला काच कुटून घालतायत," तो म्हणाला. "एकदम पक्की बात."

कापडे गावाच्या पलीकडे डोंगराच्या कुशीत एक वाडी होती, तिथला हा माणूस. बाप तापाने आजारी म्हणून रजा काढून आदल्या दिवशी आला होता. बापाच्या ताटातली भाकरी याने तोंडात घातली, तर दाताखाली कचकन आवाज. उन्हात धरून पाहिली, तर कण चमकत होते. घरात बाप, आई आणि धाकट्या भावाची बायको. धाकटा भाऊही मुंबईला. या बाईला नवऱ्याकडे जायचं होतं आणि म्हाताऱ्यांचं करायला तिला मागे ठेवलं होतं. "बुड्ढा गेला की ती मोकळी," असं तो म्हणाला. स्वयंपाक तिच्याच हातात होता.

मी भाकरी खिडकीत नेली. कण खरोखरच चमकत होते. खाण्यातून काच घालून जीव घेण्याचे प्रकार तेव्हा आम्ही ऐकून होतो. गुन्हा सिद्ध झाला असता तर त्या बाईची उमर तुरुंगात गेली असती, आणि नुसती अटक झाली तरी ती पुन्हा त्या घरात उभी राहू शकली नसती.

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो. वाडीत शिरताना मला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. धुकं उतरून उन्हं आली होती, अंगणात कोंबड्या होत्या, पण मुसळाचा आवाज नाही, बैल गोठ्यातच, बाया दारात हात बांधून बसलेल्या. चित्रातल्या गावात यावं तसं झालं.

"देवीची पाळणूक हाय साहेब," पोलीस पाटील हलक्या आवाजात म्हणाले. पाळणूक म्हणजे ग्रामदेवीसाठी गावाने पाळायचे दिवस. त्यात नांगर धरायचा नाही, कांडायचं नाही, दळायचं नाही. लागेल तेवढं पीठ आधीच दळून ठेवायचं आणि या दिवसांत ते कोणी कोणाला उसनंही द्यायचं नाही. पाळणूक मोडली तर सगळ्या गावावर काहीतरी येतं, असा समज. मोडणाऱ्या घराशी मग वाडीतलं कोणी बोलत नसे आणि त्याला पाणवठाही बंद होत असे.

ती बाई विशीतली होती. डोळे मोठे, चेहरा बंद. मी पडवीत बसून जबाब घेतला.

"भाकरी कोणी केली?"

"मी."

"पीठ कुठलं?"

"घरातला."

"दळलं कोणी? कधी?"

यावर ती गप्प. मी पुन्हा विचारलं. हवालदारांनी आवाज चढवून विचारलं. ती जमिनीकडे पाहत राहिली. दाराआड सासू पदर तोंडाशी धरून उभी होती. सासूला विचारलं तर म्हणाली, "माला काय म्हायत नाय." इतकी वर्षं खोटं बोलणारी माणसं पाहून मला एक गोष्ट कळली होती. खोटं बोलणारा माणूस बोलतो, भरपूर बोलतो. ही बाई बोलतच नव्हती. मला तिचा रागही आला. अगं, नाही म्हण, रड, शिव्या घाल, काहीतरी कर, असं वाटत होतं.

तक्रार घेऊन आलेला थोरला दीर अटकेसाठी हटून बसला होता. मी पंचांसमक्ष पीठ ताब्यात घेतलं, त्याच्या दोन पुड्या केल्या, एकीवर लाखेचं सील मारलं आणि बाईला गाव सोडू नको अशी समज दिली. म्हाताऱ्याला खाटल्यावरच डॉक्टरांनी तपासावं म्हणून महाडला माणूस पाठवला. डॉक्टर आले, त्यांनी पोट दाबून पाहिलं, रक्त कुठेच नव्हतं. ताप उतरला होता, अशक्तपणा तेवढा होता. पिठाचे कण त्यांनी भिंगाखाली धरले.

"काच म्हणता येईल," ते म्हणाले, "नाही असंही म्हणता येईल. मुंबईला पृथक्करणाला पाठवा."

सील केलेली पुडी मुंबईला रवाना झाली. तिकडून अहवाल यायचा म्हणजे देवाचं नाव घेऊन बसायचं. तोवर ती पोर त्या घरात कशी राहणार, हा विचार माझ्या डोक्यातून जाईना. दीर तिच्या हातचं पाणीही पीत नव्हता. आमच्या हवालदारांनीही त्या दिवसापासून भाकरी उजेडाकडे धरून बघायला सुरुवात केली होती.

चौथ्या दिवशी सकाळी मी उरलेली पुडी आणि एक पितळी परात घेऊन ठाण्यामागे नदीवर गेलो. पंच म्हणून दोघांना बोलावलं, ते काकडत दगडावर बसले. पाण्यावर वाफ तरंगत होती आणि पलीकडचा काठ नव्हताच म्हटलं तरी चालेल. मी परातीत पाणी घेऊन पीठ सोडलं. पाणी दुधासारखं झालं. परात हलकेच हलवायची, पांढरं पाणी ओतायचं, पुन्हा नवं घ्यायचं, असं मी करत राहिलो. आई तांदूळ रोळून खडे वेगळे करायची तो हात मला आपोआप येत होता. किती वेळ गेला कोणास ठाऊक. मला सगळ्याचा विसर पडला, ठाण्याचा, गुन्ह्याचा, बसलेल्या पंचांचाही. खरं सांगतो, तपास करताना इतकं सुख मला कधी झालं नाही.

शेवटी पाणी नितळ झालं आणि तळाला बोटाच्या पेरावर मावेल एवढा गाळ राहिला. त्यात पांढरे चमकणारे कण होते. आणि त्यांच्यापेक्षा जास्त काळे कण होते. इतके दिवस आम्ही सगळे चमकणाऱ्याकडे बघत होतो. काळं म्हणजे तांदळातला कचरा, असं धरून त्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. मी एक कण नखावर घेतला. तो एका अंगाने पांढरा चमकदार होता आणि दुसऱ्या अंगाला काळा दगड घट्ट चिकटलेला होता. काच अशी दगडात उगवत नाही.

आपल्या घाटातला दगड काळा, पण फोडला की आत पांढऱ्या गारगोटीचे ठिपके चकाकतात. असल्याच दगडाची जाती घरोघर. जातं झिजून गुळगुळीत झालं की टाकीवाला येतो, छिन्नीने त्याला पुन्हा खवले पाडतो. त्यानंतर पहिल्यांदा त्यात कोंडा भरडून फेकून द्यायचा असतो, कारण सुटलेली सगळी खर, म्हणजे दगडाचा चुरा, त्यात निघून येते. हे कोणत्याही घरातल्या बाईला शिकवावं लागत नाही. मग हिने कोंडा का भरडला नाही?

परात तशीच पंचांच्या सह्यांनिशी बांधून घेऊन आम्ही वाडीत गेलो. पोलीस पाटील, थोरला दीर आणि शेजारचे चार लोक अंगणात जमले. मी जात्याची वरची तळी उचलायला लावली. टाकीचे खवले ताजे होते आणि त्यात पांढरे ठिपके चमकत होते. नखाने खरवडलं तर तीच खर. परातीतला गाळ शेजारी ठेवून मी सगळ्यांना दाखवला. दीर वाकून वाकून बघत राहिला.

मला वाटलं, झालं, सुटली बिचारी. मी उत्साहाने पाटलांना विचारलं, "टाकीवाला कधी येऊन गेला होता?"

"पाळणूक बसली त्या सांजेला," पाटील म्हणाले. "यांचा जाता शेवटचा केला नि गेला."

बोलता बोलताच ते थांबले. टाकीवाला गेला आणि पाळणूक बसली. म्हणजे त्या जात्यावर पडलेला पहिला दाणा पाळणुकीतच पडला होता. बाई का गप्प होती ते मला त्या क्षणी कळलं. आणि मी तिला एका खड्ड्यातून काढून दुसऱ्यात ढकललं होतं, तेही चार लोकांसमोर.

सासू पुढे आली. "मी दळला," ती म्हणाली. "म्हातारीची अक्कल ती. मी दळला."

"नाय वो," सून पहिल्यांदाच मोठ्याने बोलली, "मी दळला. खाली गोधडी घातली, आवाज नको म्हनून. कोंडा भरडला असता तर टाकायचा कुठं? शेजारनीला दिसला असता."

"गप गो तू!"

"तुमी गप ऱ्हावा, आत्या."

दोघी एकमेकींवर ओरडत होत्या, आणि दोघीही गुन्हा आपल्याकडे ओढत होत्या. फौजदारकीच्या सगळ्या काळात असं दृश्य मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही. तेवढ्यात आतून खाटलं करकरलं. म्हातारा भिंतीला धरून दारात आला. इतक्या दिवसांत त्याला कोणी काही विचारलंच नव्हतं. डॉक्टरांनीही नाही, मीही नाही.

"भाकर मी मागितली," तो म्हणाला. "पेज पिऊन पिऊन जीव इटला माझा. पीठ संपलेला, उसना कोन देनार? मी रडलो रे पोरासारखा. तवा बसली ती जात्यावर. काय दंड करायचा तो माला करा."

पाटलांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. मग माझ्याकडे वळले.

"फौजदार साहेब, तुमच्या कागदात दळल्याचा दिवस लिवायलाच लागतो काय?"

"तसं काही नाही," मी म्हणालो. "टाकी लावलेल्या जात्याची खर, एवढं पुरतं."

"मग आमच्याबी कानावर काय आला नाय," पाटील म्हणाले आणि बाकीच्यांवर एकदा नजर फिरवली. "म्हातारे, देवीला एक नारळ ठेव. कशासाठी ता कोनाला सांगू नको."

थोरला दीर खाली बसला होता. भावजयीकडे बघायची त्याची हिंमत होईना. "चुकला माझा बाय," तो जमिनीकडे बघत म्हणाला. तक्रार गैरसमजातून दिली होती असा जबाब त्याने मला लिहून दिला. पुढे मुंबईहून अहवाल आला, तोही खनिज दगडाचे कण असाच होता.

निघताना मी त्या बाईला विचारलं. माझ्या मनाला ते लागून राहिलं होतं. "अगं, मी तुला अटकही केली असती. तुरुंगात गेली असतीस. एक शब्द बोलली असतीस तर?"

ती अंगणात भांडी घासत होती. मान वर न करता म्हणाली, "तुरुंगात मी एकली गेली असते, साहेब. पानवठा बंद झाला असता तो ह्या दोघांचा."

खाली उतरताना संध्याकाळचं धुकं पुन्हा नदीतून वर यायला लागलं होतं.

त्या प्रकरणाने मला एक गोष्ट शिकवली. माणूस गप्प बसला की आम्ही पोलीस विचारतो, हा काय लपवतोय? त्यानंतर मी नेहमी दुसरा प्रश्न आधी विचारायला लागलो, हा कोणाला वाचवतोय? दर वेळी उत्तर मिळालं असं नाही. काही वेळा तो खरंच चोर निघायचा आणि हवालदार मला हसायचे. पण त्या वाडीतल्या पोरीला मी काचेच्या भरवशावर बेड्या घातल्या असत्या, तर तिने त्या मुकाट्याने घालून घेतल्या असत्या. तो विचार मनात आला की मला आजही जेवण गोड लागत नाही.